माझा डावा गुडघा आणि सुप्याच्या पुरणपोळ्या

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात मला स्ट्रेचरवर आडवं पाडलं होतं. डावा गुडघा कलिंगडासारखा सुजलेला, अंगात ताप, आणि भूल देणारे डॉक्टर माझ्यावर वाकून विचारत होते, "मावशी, रात्रीपासून पोटात काही गेलं नाही ना?"

मी म्हणाले, "न्हाय."

पोटात दोन पुरणपोळ्या होत्या. वरून वाटीभर दूध होतं. तोंडातली वेलदोड्याची चवसुद्धा अजून गेली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हे बरं केलंत. भुलीत असताना पोटातलं अन्न वर येतं, ते फुप्फुसात उतरलं की माणूस जातो, मग आमच्या हातात काही राहत नाही. मी ऐकलं आणि मला समजलंही. मी चौथीपर्यंतच शिकले आहे, पण मरण कळायला पाचवी लागत नाही.

तरी गप्प राहिले. कारण त्या पोळ्या ज्यांनी खायला घातल्या त्या पलीकडं भिंतीला टेकून उभ्या होत्या, रिकामा डबा पदराखाली धरून. त्या माझ्या विहीणबाई. माझी लेक सुनंदा सुप्याला त्यांच्या घरी नांदते. चार माणसांत डॉक्टरांनी विहीणबाईंना बोल लावला असता तर माझा जीव वाचला असता, पण सुनंदाला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. लेक दिलेल्या बायकांना हे लगेच कळेल. पुरुषांना समजावत बसत नाही.

सिस्टरनं स्ट्रेचर आत ढकलायला घेतलं.

गुडघे सगळ्यांचेच दुखतात

आमच्या लासुर्ण्यात पन्नाशी उलटलेल्या बाईचा गुडघा दुखत नसला तर लोक तिला कामचुकार समजतात. माझे दोन्ही दुखायचे. उसात खुरपून, म्हशीखाली उकिडवं बसून गुडघे झिजतात, त्यात नवल नाही. असल्या दुखण्याला आमच्याकडं वात म्हणतात आणि वातावर बिब्बा घालतात. बिब्बा दिव्यावर तापवायचा, त्याचं काळं तेल सुटलं की गुडघ्यावर टेकवायचं. कातडी भाजते, फोड येतो, फोडावाटे वात निघून जातो म्हणे. माझा वात कधी गेला नाही. पण फोडाची आग एवढी व्हायची की गुडघ्याचं दुखणं आठवायचं नाही. त्यालाच आम्ही गुण आला म्हणायचो.

शहाण्णव नाहीतर सत्त्याण्णव साल असेल. पोळा तोंडावर आला होता. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरात बाई म्हणून मी एकटी. बैलांचा सण म्हणजे घर सारवायला हवंच. डाव्या गुडघ्यावरचा बिब्ब्याचा फोड फुटून ओला झाला होता. तोच गुडघा जमिनीला टेकून मी गोठ्यापासून मागच्या दारापर्यंत शेणानं सारवलं. लुगडं त्या फोडाला शेणासकट चिकटलं. ते सोलून काढलं, पाण्याचा हात फिरवला आणि भाकरी करायला बसले.

दोनेक दिवसांत हुडहुडी भरून आली. अंगावर होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. आणि डावा गुडघा. रोजचं दुखणं असतं ते उठताना, बसताना. पडून राहिलं की थांबतं. हे पडून राहिल्यावरही थांबेना. गुडघा लाल झाला, चकचकीत झाला, हात ठेवला तर चुलीवरून आत्ताच काढलेल्या तव्यागत. उजवा गुडघा शेजारी गारच होता. मला पाय हलवता येईना. दुसऱ्यानं हलवला तर मी अशा शिव्या द्यायचे की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची.

बायका बघायला आल्या. एकीनं एरंडाचं पान बांधलं. एकीनं मिठाची गरम पुरचुंडी करून शेकलं, आधीच भाजत असलेला गुडघा आणखी भाजून निघाला. तिसरी म्हणाली, दृष्ट लागली असेल. माझ्या गुडघ्याला कोणाची दृष्ट लागणार होती ते मला अजून कळलेलं नाही.

आमचे मालक अंगणात बैलांची शिंगं रंगवत होते. हातात ब्रश, नाकाला लाल हिंगूळ. आत डोकावून म्हणाले, "वातच हाय. पोळा झाला की उतरंल."

जणू वातालाही पोळ्याची सुट्टी होती.

बैलांच्या मागं जीप

माझा मुलगा दत्ता कारखान्यावर कामाला आहे. पोळ्याची सुट्टी होती म्हणून घरी होता. त्यानं गावातल्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी आधी चांगला गुडघा दाबला, मग वाईट गुडघ्याला नुसतं बोट लावलं. माझं तोंड बघितलं आणि दत्ताला म्हणाले, हिला आजच्या आज बारामतीला हाडाच्या डॉक्टरकडं न्या. उद्या नको.

मालक म्हणाले, उद्या सकाळी नेऊ. संध्याकाळी बैलं मिरवायची आहेत.

दत्ता बापापुढं कधी बोलत नाही.  उठून गेला आणि माणसं भरून नेणारी वडापची जीप घेऊन आला. मला मागच्या बाकावर आडवी घातली, पाय त्याच्या मांडीवर.

वेशीपाशी जीप अडकली. गावातले सगळे बैल वाजत गाजत आत येत होते. झुली, गोंडे, शिंगांना फुगे. जीपच्या खिडकीपाशी बायका जमल्या. त्यांना वाटलं मी मिरवणूक बघायला गाडी करून आले. एकीनं हात आत घालून मला कुंकू लावलं, दुसरी म्हणाली, मजा हाय बाई. मी तापात होते. तिला काय बोलले ते दत्ता अजून सांगत नाही.

तेवढ्यात आमचे मालक आमची जोडी घेऊन समोरून आले. जीपमध्ये मला बघितलं. कासरा सोडता येईना आणि पुढंही जाता येईना. शेवटी जीपच्या टपावर थाप मारून ड्रायव्हरला म्हणाले, "दमानं ने. खड्डं चुकव." आणि बैलं बाजूला घेऊन आम्हाला वाट करून दिली. मिरवणुकीत त्यांचा नंबर त्यामुळं मागं गेला. ते त्यांनी मला पुढं पुष्कळदा ऐकवलं.

पाणी काढू नका

बारामतीचे हाडाचे डॉक्टर तरुण होते. जाड चष्मा, बोलणं हळू. गुडघा बघून विचारलं, हा फोड कशाचा?

बिब्ब्याचा, मी म्हणाले.

आणि त्यावर काय लावलंत?

काही नाही, त्याच्यावर बसून सारवलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग सांगितलं ते असं. कातडीवर जखम होती, त्यातून जंतू आत गेले, सांध्यात पू झाला आहे. हा वात नाही. वात वर्षानुवर्षं छळतो, हा पू दिवसादिवसात हाडावरची गादी खातो. आणि तो रक्तात उतरला तर मग पायाची गोष्टच राहत नाही, माणसाची होते. आत्ताच सुई घालून थोडा बाहेर काढून बघतो.

सुई म्हटल्यावर मी उठूनच बसले असते, पण पाय उठू देईना. आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे की गुडघ्यातलं पाणी काढलं की गुडघा वाळतो. आमच्या आळीत एकीचं काढलं होतं, तिचा पाय काठीसारखा ताठ झाला. तिला मुळात काय झालं होतं हे आम्ही कोणी कधी विचारलं नाही. पाय ताठ झाल्याचं मात्र सगळ्यांना पाठ.

डॉक्टर म्हणाले, हे पाणी नाही, पू आहे. मी म्हणाले, पू काय नि पाणी काय, जागेपणी सुई घालू देणार नाही. झोपवून काय ते करा, मला दिसायला नको. डॉक्टर समजावून थकले. दत्ता समजावून थकला. भूल देणारे डॉक्टर बाहेरून यायचे होते, ते सकाळीच येणार. मग ठरलं, सकाळी भूल देऊन गुडघा उघडायचा आणि धुवायचा. तोवर सलाईन. रात्रीपासून अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. सिस्टरनं ते माझ्याकडून वदवून घेतलं, शाळेत पाढे घेतात तसं.

खोलीत दुसऱ्या खाटेवर भिगवणची पारूबाई होती. मासे विकणारी. धरणातल्या चिलापीचा काटा तिला कोपराला लागला होता, आणि तिच्या कोपरात पू झाला होता. वरून साखरेचा आजार. तिचा हात बांधून वर टांगलेला. दिवसभर तसाच असायचा, जणू वर्गात तिला काहीतरी विचारायचं आहे.

"मला मासा लागला. तुला काय लागलं?" तिनं विचारलं.

"शेण."

ती एवढी हसली की तिची सलाईन निघाली आणि सिस्टर आम्हा दोघींवर ओरडली.

पोळी

दत्तानं रात्रीच निरोप धाडला होता; सकाळी पहिल्या एसटीनं सुप्याहून विहीणबाई आल्या, सुनंदाला घेऊन. दत्तानं सुनंदाला औषधं आणायला खाली मेडिकलमध्ये नेलं. खोलीत आम्ही दोघी विहिणी आणि पारूबाई.

आमच्या दोघींचं काय होतं ते सांगायला हवं. आमचं गाव कालव्याखाली, चहूकडं ऊस. त्यांचं सुपं कोरडवाहू, बाजरी नि मटकी. सुनंदाच्या लग्नानंतर पहिल्या सणाला त्या आमच्याकडं जेवल्या, आणि परत जाऊन भावकीत म्हणाल्या की उसातली माणसं आहेत पण पुरणात गूळ चिमटीनं घालतात. ते माझ्यापर्यंत आलं. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी फार गोड बोलायचो.

विहीणबाईंनी डबा उघडला. आदल्या दिवशीच्या पोळ्याची पुरणपोळी, तुपात भिजलेली.

मी म्हणाले, "इहीणबाई, डॉक्टरनं काय खाऊ नगा म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरच्या दावणीला बैलं नसतील, त्याला काय कळतंय. रिकाम्या पोटी कापत्यात व्हय कुणाला?"

पारूबाई तिकडून म्हणाली, खरंच मनाई आहे बाई, सिस्टर काल दोनदा सांगून गेली. विहीणबाईंनी तिच्याकडं बघितलंच नाही. पोळीचा घास मोडून हातात धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आमच्या कोरडवाहू घरची पोळी. तुमच्यासारख्या बागायतदारांना कशी गोड लागंल."

झालं. आता ती पोळी खाल्ली नाही तर मी त्यांच्या घरच्या अन्नाला नाव ठेवलं असं झालं असतं. माझी लेक त्याच घरात पोळ्या लाटते. मी तोंड उघडलं. पहिली खाल्ली. दुसरी खाल्ली, कारण एकाच पोळीवर थांबणं म्हणजेही नाव ठेवणंच. घास घशाखाली जावा म्हणून त्यांनी दूध दिलं. आणि खरं सांगायचं तर पोळी उत्तम होती. तापात असून मला ते कळलं आणि त्याचा मला राग आला.

तोवर स्ट्रेचर आलं.

थांबा

तर सिस्टरनं स्ट्रेचर आत ढकलायला घेतलं. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, जे व्हायचं ते होईल, निदान भांडण तरी होणार नाही.

मागून आवाज आला. "थांबा."

विहीणबाई भिंत सोडून पुढं आल्या. डोईवरचा पदर नीट केला, डबा पुढं धरला. "तिच्या पोटात पोळी हाय. दोन हायती. मी घातल्या."

सगळे थांबले. भूलवाल्या डॉक्टरांनी आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता कसं तरी सावरून घ्यावं. मी म्हणाले, "त्यांचं काय न्हाय. मीच मागितल्या."

"मागितल्या न्हायत," विहीणबाई म्हणाल्या. "नगं म्हणत हुत्या. मी टोमणा मारला."

"मला भूक लागली हुती."

"काय भूक न्हवती. डोळं वर जात हुतं घास गिळताना."

ऑपरेशनच्या दारात आम्ही दोघी मग गुन्हा आपल्याकडं ओढायला भांडत होतो. भूलवाले डॉक्टर फार चिडले. विहीणबाईंना म्हणाले, तुम्ही या बाईला मारली असती. अडाण्यासारखं वागलात. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना असं कोणी बोललं नसेल. नवऱ्याची तर छाती झाली नसती. सुनंदा मेडिकलची पिशवी छातीशी धरून खांबामागं उभी होती, तोंड पांढरं पडलेलं.

विहीणबाईंनी ते सगळं उभं राहून ऐकलं. मग म्हणाल्या, "बरं. माझं चुकलं. आता म्होरं काय करायचं ते सांगा."

पुढं काय ते हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं. पोट रिकामं होईपर्यंत भूल नाही. म्हणजे संध्याकाळ. पण पू संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. तेव्हा आत्ता, जागेपणीच, वरची कातडी बधिर करून जाड सुईनं निघेल तेवढा काढायचा. मी म्हणाले, गुडघा वाळेल. डॉक्टर पहिल्यांदाच जोरात बोलले. "मावशी, वाळलेला गुडघा घेऊन घरी जाता येतं."

मी लुगडं गुडघ्याच्या वर ओढून घेतलं.

पाय धरायला कोणीतरी हवं होतं. दत्ताला सुई बघूनच घेरी आली, त्याला बाहेर बसवलं. सुनंदा अजून पिशवीच छातीशी धरून होती. विहीणबाईंनी डबा तिच्याकडं दिला, पदर खोचला आणि माझा घोटा दोन्ही हातांनी धरला.

लग्नात मुलीच्या आईनं मुलाच्या आईचे पाय धुवायचे असतात. मी पितळेच्या परातीत धुतले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या पाणी गार आहे. आता त्याच बाई माझा पाय धरून उभ्या होत्या, तोही शेणाच्या भेगांचा, आणि म्हणत होत्या, "हलू नगा इहीणबाई. हललात तर मी तुमच्या पायावर बसंन."

सुई आत गेली तेव्हा मी हलले नाही. तोंड मात्र चाललं. डॉक्टरला बोलले, बिब्ब्याला बोलले, मालकांच्या बैलांना बोलले. सुप्याच्या गुळालाही बोलले. विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं. त्या सुईकडं बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "अगं बया. खरवसच की."

मी मान वर करून बघितलं. पिवळं, दाट. ते पाहिल्यापासून मी खरवस खाल्लेला नाही.

पण सुई बाहेर निघाली आणि आतला ताण एकदम उतरला. दुखत होतं, पण माणसासारखं दुखत होतं. मला रडू आलं असं सुनंदा सांगते. मला आठवत नाही.

पहारा

संध्याकाळी रिकाम्या पोटी भूल दिली, गुडघा उघडून धुतला, आत एक नळी ठेवली. जाग आली तेव्हा विहीणबाई दाराशी स्टुलावर बसलेल्या. सुनंदाला त्यांनी परत पाठवलं होतं. तिकडं जनावरं होती. स्वतः राहिल्या.

त्यानंतर त्या खोलीत कोणी मला साधी शेंगसुद्धा देऊ शकलं नाही. गावाकडून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं बघायला आली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला येतात म्हणजे दुखरी जागा दाबून बघतात, नारळ-केळी ठेवतात आणि कोण कोण याच रोगानं गेलं ते सांगतात. विहीणबाई एकेकाला दारात अडवून विचारायच्या, हातात काय आहे. केळी काढून घ्यायच्या. गुडघ्याकडं हात गेला की हातावर फटका. आमच्या गावच्या पाटलीणबाईंनाही बसला. डॉक्टरांनी त्यांना एकदा बोल लावला होता, तो त्यांनी तालुक्याला वाटून टाकला. केळी मात्र त्याच खायच्या, पारूबाईला अर्धं देऊन, तेही सिस्टरला विचारून.

दिवस सगळा सुईवर चालायचा. पहाटे सुई, दुपारी सुई, पुन्हा सुई. हाताच्या शिरा संपल्या तेव्हा सिस्टर पायाची शोधायला लागली. भांड्यावर बसायची लाज पहिल्या दिवशी वाटली, मग वाटेनाशी झाली. मधे एक दिवस ताप पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाले, वाट बघू, नाहीतर पुन्हा धुवावं लागेल. पुन्हा धुऊनही नाही थांबलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पायाकडं मात्र बघत राहिले. एवढी वर्षं त्याला काम सांगितलं, कधी नीट बघितलं नव्हतं.

मालक आले. नखांत अजून शिंगांचा रंग होता. पायथ्याशी उभे राहिले, म्हणाले म्हैस दूध देत नाही, लाथ मारते. त्यांना वाईट वाटत असावं, नाहीतर त्यांनी म्हशीचा विषय काढला नसता. मी म्हणाले, तिला माझा वास लागतो, तिच्याजवळ माझं लुगडं नेसून बसा. ते खरंच करतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी नुसतं खांद्यावर टाकलं म्हणतात. गावाला एवढं पुरलं.

पारूबाई

पारूबाईचा ताप माझ्या आधी उतरला. हात खाली आला, कोपर थोडं वाकायला लागलं. ती घरी जायला निघाली. डॉक्टर नको म्हणत होते. आतले जंतू अजून मेलेले नाहीत, दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही, काही आठवडे औषध चालू ठेवावंच लागेल.

पारूबाई म्हणाली, "ताप न्हाय, ठणका न्हाय. मग हितं काय भजन करू? तिकडं हायवेला माझ्या जागंवर दुसरी बसली असंल." गोळ्या घरी घेईन म्हणाली. सही केली आणि गेली. जाताना मला म्हणाली, भिगवणला आलीस तर चिलापी खायला घालीन, काटे काढून.

मला तिचा हेवा वाटला. मलाही आता ठणका नव्हता. सून माहेरी, म्हैस लाथा मारतेय, आणि मी इथं पडून पेज पितेय. मी दत्ताला म्हणाले, मलाही ने. दत्ता बाहेर डॉक्टरांना विचारायला निघाला. विहीणबाईंनी दारात स्टूल आडवं घातलं.

"इहीणबाई, तुमच्यापायी मी डॉक्टरचं बोलणं खाल्लं," त्या म्हणाल्या. "आता तुमी समदं औषध खायाचं. शेवटची गोळी माझ्यासमोर."

मी म्हणाले, मी लासुर्ण्याची, तुम्ही सुप्याच्या, तुम्ही कोण अडवणार. त्या म्हणाल्या, मुलाची आई.  आमच्याकडं मुलाच्या आईपुढं मुलीच्या आईचं काही चालत नाही.

मी राहिले. डॉक्टर सोडतील तेव्हाच गेले. त्यानंतरच्या गोळ्या घरी घेतल्या, आणि दर बाजारच्या दिवशी विहीणबाई सुनंदाकडून कारखान्याच्या फोनवर निरोप पाठवायच्या, रिकामी पाकिटं टाकून देऊ नका, मी आल्यावर बघणार आहे. आल्या, आणि बघितली.

आता

गुडघा वाळला नाही. वाकवायला शिकवलं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या. मालक समोर बसून आणखी वाकव, आणखी वाकव म्हणायचे, नव्या बैलाला औताला लावतात तसं. आता खुर्चीत बसता येतं, चालता येतं, एसटीची पायरी चढता येते. उकिडवं बसता येत नाही. धार काढायला मी पाटावर पाय लांब करून बसते. म्हशीला ते आवडत नाही. तिच्या आवडीचं मी काय करू.

डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या भागातल्या बायकांना कळू द्या, म्हणून लिहिलं. बायांनो, दोन्ही गुडघे दुखत असतील तर ते तुमचं वय आहे, चालू द्या. एकच गुडघा, नाहीतर एकच कोपर, खुबा, एकदम सुजला, लाल झाला, हाताला चटका बसायला लागला, थंडी वाजून ताप आला, आणि दुसऱ्यानंही हलवला तर सहन होईना, तर त्याला वात म्हणू नका. पान बांधू नका, शेकू नका, पोळा आहे की पाडवा बघू नका. त्याच दिवशी गाडीत बसा. डॉक्टर सुईनं पू काढतो म्हणाला तर काढू द्या, मी एक रात्र वाया घालवली. पोटात काय गेलंय ते खरं सांगा, विहिणीनं घातलं असलं तरी. आणि बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. बिब्ब्याबद्दल मी काही बोलत नाही, माझ्या घरात आता तो नाही.

पुढं गुडघा दाखवायला बारामतीला गेले तेव्हा सिस्टरला पारूबाईबद्दल विचारलं. म्हटलं, भिगवणवरून जायचा विचार आहे, मासे खायला बोलावलंय. सिस्टर पट्टी सोडत होती, ती थांबली. म्हणाली, तिनं गोळ्या मधेच सोडल्या. दुखत नव्हतं म्हणून. पुन्हा आणली तेव्हा कोपरातलं रक्तात उतरलं होतं.

त्या खोलीत सांध्यात पू झालेल्या आम्ही दोघी होतो. पारूबाई गेली. मी जगले.